पालकांची ऐपत आणि मुलांची गुणवत्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षणातील सवलतींचा विषय निघाला की ‘आता संधी सर्वांना सारखीच आहे, ज्याच्यात गुणवत्ता असेल तो पुढे जाईल’ हे मत वाचकांच्या पत्रांत हमखास वाचायला मिळते. लिहिणारी माणसे ते मनापासून लिहितात, म्हणूनच त्याची दखल घ्यावीशी वाटते. माझ्या मते भांडवलशाही व्यवस्थेत समान संधी आपोआप कधीच निर्माण होत नाही; ती कायद्याने आणि करांच्या पैशातून मुद्दाम उभी करावी लागते, आणि महाराष्ट्रात आपण या कामातून हळूहळू अंग काढून घेत आहोत.

बाजाराचे श्रेय मी नाकारत नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर खासगी नोकऱ्या वाढल्या, त्यामुळे शेतकऱ्यांच्या आणि कारकुनांच्या कितीतरी घरांतून पहिला अभियंता बाहेर पडला. मात्र त्या महाविद्यालयांच्या दारात जागेला जी किंमत होती, ती ज्याला परवडली तोच आत गेला.

या किमतीला कायद्याने घातलेला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे शिक्षण हक्क कायदा. २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. एक निवृत्त शिक्षिका म्हणून आमच्या भागातील पालकांना हे अर्ज भरायला मी मदत करते, त्यामुळे ही संधी प्रत्यक्षात किती अरुंद आहे ते जवळून पाहिले आहे. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे, म्हणजे महिना ९ हजार रुपये मिळवणारा रखवालदारही तिच्या बाहेर जातो. अर्जात नकाशावर घराचे ठिकाण दाखवावे लागते, कारण शाळेपासूनच्या अंतरावर प्राधान्य ठरते. ती खूण चुकली तर सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश नाकारला जाऊ शकतो. भाड्याने राहणाऱ्याकडे त्या पत्त्याचा दुसरा पुरावा नसेल तर त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. पत्र्याच्या खोलीत राहून चार घरची धुणीभांडी करणारी बाई घरमालकाकडे असा करार मागायला गेली, तर ‘जमत नसेल तर खोली खाली कर’ हे उत्तर तिला ऐकावे लागते. ज्यांच्यासाठी कायदा केला, नेमक्या त्यांच्याकडेच नसलेला कागद आपण मागतो, याचे मला फार वाईट वाटते.

अशा या संधीवरही ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने घाला घातला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट, असा नियम अधिसूचनेद्वारे आला. शहरांत एवढ्या अंतरात अशी शाळा नसेल असे ठिकाण विरळाच, त्यामुळे कायदा कागदावर राहून तरतूद मात्र संपल्यात जमा होती. मुंबई उच्च न्यायालयाने आधी या नियमाला स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. खासगी शाळांची बाजूही समजून घ्यायला हवी. प्रत्येक मुलामागे सरकारने द्यायची प्रतिपूर्ती, म्हणजे शुल्काची भरपाई, वर्षाला १७,६७० रुपये ठरली आणि तीही वर्षानुवर्षे थकते, ही त्यांची तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणजे थकबाकी वेळेवर देणे. मुलांनाच बाहेर ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही.

शिवाय ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेत, त्याच बाकावर बसायचे तर पूर्ण शुल्क भरावे लागते, आणि नेमकी तिथूनच पुढच्या स्पर्धेची तयारी सुरू होते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते, म्हणून ती समान संधीचा पुरावा मानली जाते. तयारी मात्र लातूर, नांदेड आणि कोटा येथे विकत मिळते, आणि तिची किंमत अनेक घरांच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त असते. कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि दिवसभर खासगी क्लास हा प्रकार इतका रुळला की २०१८ मध्ये सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. दोन वर्षे अशी तयारी घेतलेला मुलगा आणि शेतातले काम सांभाळून जुन्या पुस्तकांवर अभ्यास करणारी मुलगी यांच्या गुणांतील फरकाला आपण निव्वळ गुणवत्ता म्हणतो, ते न्याय्य नाही. त्या मुलाचे कष्ट खरे असतात; पण त्या फरकात त्याच्या वडिलांची ऐपतही मिसळलेली असते.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे हेच मांडले होते, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. आज त्यात संपत्तीच्या वारशाची भर पडली आहे. आपल्याकडे १९५३ च्या कायद्याने आलेले मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरील शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले आणि संपत्ती करही २०१५ मध्ये गेला. ब्रिटन आणि जपान हे भांडवलशाहीच मानणारे देश, पण तिथे मोठ्या वारशावर भरीव कर आहे, कारण आयत्या मिळालेल्या संपत्तीचा कर्तृत्वाशी संबंध नसतो हे तिथल्या कायद्याने मान्य केले आहे. आपल्याकडेही मोठ्या मालमत्तांपुरता असा कर पुन्हा आणून त्याचे उत्पन्न जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांवर खर्च करण्याची चर्चा व्हायला हवी.

ती चर्चा दिल्लीत व्हायची आहे आणि तिला वेळ लागेल. राज्य सरकारच्या हातात असलेल्या गोष्टींना तेवढा वेळ लागायचे कारण नाही. पंचवीस टक्क्यांतून आलेल्या मुलांचे शुल्क बारावीपर्यंत सरकारने भरावे, शाळांची थकबाकी द्यावी, आणि येत्या प्रवेशप्रक्रियेपूर्वी नोंदणीकृत भाडेकराराऐवजी नगरसेवकाचा रहिवासी दाखला ग्राह्य धरावा, अशी शिक्षण विभागाला या पत्राद्वारे विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे