पिनवर हाताचा आडोसा

पुणे,
२० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर मी एटीएमवर गेले होते, तेव्हाचा पिन टाकताना हाताचा आडोसा धरण्याचा विषय अर्धवट राहिला होता. घर पाहुण्यांनी भरलेले असताना तो पुन्हा काढणे मला बरे वाटले नाही. पत्र निवांतपणे वाचता येते आणि हवे तेव्हा पुन्हा उघडून पाहता येते, म्हणून लिहीत आहे.

बाबा, त्या दिवशी तुम्ही एकेक आकडा पुटपुटत, एका बोटाने सावकाश दाबत होता. दार उघडे होते, आत आणखी दोघे जण उभे होते आणि मी तुमच्या खांद्यामागे असूनही चारही आकडे मला कळले. बाहेर आल्यावर मी हात आडवा धरण्याविषयी बोलले, तेव्हा तुम्ही म्हणालात की मागे शेजारचे काका उभे असताना हात झाकून घेणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे आहे. तुमच्या या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार केला. माणसांचा मान राखण्याचा तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि नेमका त्याच कारणासाठी हाताचा आडोसा धरावा असे मला वाटते. उद्या खात्यातून पैसे गेले, तर ज्यांच्यासमोर तो पिन टाकला गेला त्या सगळ्यांकडे, काकांकडेसुद्धा, कुणीतरी संशयाने पाहील. ज्यांना तो दिसलाच नाही त्यांच्यावर असा बालंट येण्याचा प्रश्नच उरत नाही.

शिवाय पाहणारा मागेच उभा असतो असे नाही. कीपॅडच्या वरच्या बाजूला चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीत किंवा बाजूला अडकवलेल्या माहितीपत्रकांच्या पेटीत टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रामागे कॅमेरा लपवलेला आढळला आहे. त्याच्या जोडीला कार्ड घालण्याच्या फटीवर स्किमर नावाचे बनावट तोंड बसवलेले असते, जे कार्डामागच्या काळ्या पट्टीवरील माहिती वाचून घेते. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सर्व कार्डे चिपची करण्यास बँकांना सांगितले होते आणि चिपची नक्कल करणे फार अवघड आहे, तरी काळी पट्टी अजूनही कार्डावर असतेच. पट्टीची नक्कल हाती आली तरी पिनावाचून तिच्यावर एटीएममधून पैसे काढता येत नाहीत; म्हणून चोराला तो कॅमेरा लागतो, आणि म्हणूनच तुमचा डावा हात एवढा मोलाचा आहे. आत गेल्यावर कार्डाची फट आणि कीपॅडची कड बोटाने किंचित हलवून पाहा. काही सैल किंवा वेगळ्या रंगाचे वाटले, तर कार्ड न घालता बाहेर या.

आडोसा नुसता नावापुरता नको. इटलीतील पादुआ आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २०२२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका हाताने झाकून पिन टाकणाऱ्या लोकांचे चित्रण त्यांनी संगणकाला दाखवले, तर दिसणाऱ्या हालचालींवरूनच त्याने तीन प्रयत्नांत ४१ टक्के चार अंकी पिन ओळखले. म्हणून तळहात पालथा करून कीपॅडच्या अगदी जवळ, छपरासारखा धरावा, आणि पुटपुटणे तर पूर्णपणे बंद करावे. हात जितका अधिक झाकेल तितका अंदाज चुकतो.

आणि बाबा, तुमच्या पिनाविषयी एक गोष्ट मला मनापासून खटकली. तो तुमचे जन्मवर्ष आहे. ज्याला पहिले दोन आकडे १ आणि ९ दिसले, त्याला पुढचे दोन तुमचे पांढरे केस पाहून ताडता येतील. लग्नाचे वर्ष, घराचा क्रमांक, गाडीचा क्रमांक हेही तसेच. नवा पिन कशाशीही नाते नसलेला असावा आणि तो डायरीत दूरध्वनी क्रमांक म्हणून लिहिलेला नसावा.

एटीएममध्ये कुणी ‘काका, मदत करू का’ म्हणून पुढे आले, तर नम्रपणे नको म्हणा. पिन पाहून घ्यायचा आणि बोलण्याच्या ओघात कार्ड बदलून तसेच दिसणारे दुसरे हातात द्यायचे, ही आपल्याकडची जुनी फसवणूक आहे. कार्ड खिशात ठेवण्यापूर्वी त्यावरचे नाव वाचा.

आई, आता तुझ्याविषयी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुला वाचायला त्रास होऊ नये म्हणून फोनवरची अक्षरे मीच मोठी करून दिली होती, आणि तीच आज मंडईत दोन हातांवरूनही दिसतात. किराणा दुकानात तू फोन काउंटरवर आडवा ठेवून यूपीआयचा पिन टाकतेस, आणि बरोबर वर दुकानाचा कॅमेरा असतो. दुकानदार भला माणूस आहे, पण ते चित्रण पुढे कोण पाहते हे त्यालाही सांगता येणार नाही. फोन उचलून छातीशी धर, पाठ भिंतीकडे कर आणि मग आकडे दाब. भाजीसारख्या लहान खर्चासाठी आपण यूपीआय लाइट सुरू करू. त्यात आधी भरून ठेवलेल्या रकमेतून एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचे पैसे पिन न टाकता देता येतात आणि एकूण शिल्लक ५,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. चारचौघांत पिन टाकण्याची वेळच दिवसातून कमी येते, हा त्याचा खरा लाभ आहे.

फोनचे कुलूपही बाहेर असताना आकड्यांऐवजी बोटाच्या ठशाने उघडावे. आयुष्यभराच्या घरकामाने तुझ्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत आणि ठसा कधी कधी घेतला जात नाही, हे मी पाहिले आहे. म्हणून दोन्ही हातांची दोन-दोन बोटे नोंदवून ठेवू. कुलपाचे आकडे आणि यूपीआयचा पिन मात्र एकच नको, कारण एक पाहून फोन हिसकावणाऱ्याच्या हाती दोन्ही लागतात.

एवढे करूनही न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला, तर माझी किंवा दादाची वाट न पाहता आधी बँकेला आणि लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचा आणि ग्राहकाचा दोष नसलेल्या प्रकरणात बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. ग्राहकाचाच हलगर्जीपणा ठरला, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याला सोसावे लागते. म्हणून लाजेपायी एक तासही दवडू नका. तुमच्यावर कुणी रागावणार नाही, मी तर नाहीच.

येत्या शनिवारी मी सकाळच्या गाडीने येत आहे. यूपीआय लाइट आणि ठशांचे काम तेव्हा करू. एटीएमचा पिन मात्र बाबांनी त्याआधीच बदलावा. तो काय ठेवला हे मला सांगू नका, फक्त बदलला एवढे फोनवर कळवा.

तुमची लेक