पीओ मॅडम, तुम्ही लिहिलेली फाईल मी वाचली

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, पण तुमचं नाव घालत नाही. घातलं असतं तर तुम्ही रागावला असता. बालगृहाचंही घालत नाही, कारण तिथे आजही मुली राहतात. तुम्ही आमच्या परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणून आम्ही सगळ्या तुम्हाला पीओ मॅडमच म्हणायचो, तेवढं पुरे.

मी एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. बालगृहात वाढले हे मी वर्गात लपवलं नाही. त्यामुळे व्यक्तिसहाय्य कार्याच्या, म्हणजे एकेका माणसाला मदत करण्याच्या पद्धतीच्या, तासाला ‘नियंत्रित भावनिक सहभाग’, म्हणजे समोरच्याचं दुःख समजून घ्यायचं पण त्यात वाहून जायचं नाही, हे तत्त्व निघालं की माना माझ्याकडे वळतात. काही जण म्हणतात, तुला काय, मुलांचं दुःख आपोआप कळेल. काहींना काळजी वाटते, की जुनं सगळं वर आलं तर तुला झेपेल का. दोघंही मायेनेच बोलतात, पण दोघांनाही माझ्यात विद्यार्थिनीच्या आधी ‘प्रवेशित’, म्हणजे संस्थेत दाखल झालेली मुलगी, दिसते. मी बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करायचं म्हणाले तेव्हा तुम्ही फक्त एवढंच विचारलं होतंत, “लिहायचा कंटाळा नाही ना? या कामात अर्धा दिवस लिहिण्यात जातो.” शाबासकी नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला तेव्हा जरा रागच आला होता.

बाल कल्याण समितीची परवानगी घेऊन गेल्या वर्षी मी माझी फाईल वाचली. आधीच्या संस्थेतून आलेल्या कागदावर दोनच शब्द होते, ‘हट्टी, अबोल’. त्याच्याखाली तुमचं अक्षर सुरू होतं. “मुलगी रात्री चप्पल उशाशी घेऊन झोपते. विचारले असता, सकाळी कोणी नेईल असे सांगते. कुलूप असलेली पेटी दिली.” पेटी आठवत होती, माझ्याकडे अजून आहे. ती कशामुळे मिळाली ते मात्र ठाऊक नव्हतं.

आणि मग गृहचौकशी, म्हणजे तुम्ही मावशीच्या घरी जाऊन केलेली पाहणी. मावशीने मला नेलं नाही, एवढंच धरून मी मोठी झाले. अशा वेळी अहवालात ‘नातेवाईक ताबा घेण्यास असमर्थ’ एवढं लिहिलं तरी काम भागतं. बहुतेक ठिकाणी तसंच लिहितात, हे आता मी स्वतः पाहते आहे. तुम्ही लिहिलंत की घर एका खोलीचं आहे, मावशीला स्वतःची चार मुलं आहेत, नवऱ्याचं काम सुटलेलं आहे, आणि बोलताना ती दोनदा उठून आत गेली. तिने माझ्यासाठी दिलेल्या बांगड्यांचीही नोंद आहे, मला पोचल्याच्या तारखेसकट. मॅडम, त्या ओळी मी ऑफिसातल्या बाकावर बसून वाचल्या आणि पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. नंतर मावशीला फोन केला. ते बोलणं इथे लिहीत नाही.

बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये मूलभूत तत्त्वं दिली आहेत. मुलाबद्दल कलंक लागेल अशी भाषा वापरायची नाही, हे त्यांतलं एक. परीक्षेत ते मी पाठ करून लिहिलं. पण असं लिहायचं म्हणजे काय करायचं, ते तुमच्या कागदांवरून कळलं. सध्या माझं फिल्डवर्क एका बालगृहात आहे आणि मुलींचे सामाजिक तपासणी अहवाल लिहायला मी मदत करते. त्यांच्यासाठी ठरलेल्या फॉर्ममध्ये, नमुना २२ मध्ये, रकान्यांमागून रकाने असतात, ते भरता भरता मूल हातातून निसटतं. परवा एका मुलीच्या वर्तनाच्या रकान्यात मी लिहिलं, “जेवताना भाकरीचा तुकडा खिशात ठेवते, धाकटा भाऊ दुसऱ्या संस्थेत आहे, त्याच्यासाठी असल्याचे सांगते.” आमच्या सुपरवायझरनी त्याखाली रेघ ओढली आणि भावाची भेट ठरवण्यासाठी समितीला पत्र दिलं. ‘चोरून अन्न साठवते’ असं लिहिलं असतं, तर त्या मुलीचं समुपदेशन सुरू झालं असतं!

तिथे वाढदिवस साजरा करायला पाहुणे येतात, केक येतो, रांग लागते. तेव्हा मी मुलींच्या बाजूलाच उभी राहते, आणि फोन वर गेले की फोटो काढता येणार नाहीत हे सांगायचं काम माझं. मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, असं नम्रपणे सांगते. पाहुण्यांना आवडत नाही. मला फार आवडतं.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे राहिलेत. अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे हिच्या लढ्यामुळे २०१८ साली राज्याने अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिलं. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हातात लागतं, आणि संस्था सोडल्यावर ते मिळवणं म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. मला अठरा पूर्ण व्हायच्या आत तुम्ही ते जिल्हा कार्यालयातून काढून घेतलंत, बँकेत खातं उघडलंत आणि आधारवरचा पत्ता संस्था सुटल्यावर कुठला टाकायचा याचाही विचार केलात. कायद्यात आणि त्याच्या नियमांत अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतर संस्थेबाहेर पडलेल्यांना आधार देण्याची, सोय २१ वर्षांपर्यंत, फारच गरज असेल तर २३ पर्यंत आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४,००० रुपयांचीही तरतूद आहे. पण अनुरक्षण गृहं मोजकी, मुलींसाठी तर फारच थोडी. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या सगळ्यांना कागद मिळाले नाहीत. त्यांतल्या दोघींचे आता मी काढते आहे, तुम्ही शिकवलेल्या क्रमाने: आधी समितीचा आदेश, मग बाकीचं.

तुमचं काम चांगलं होतं, हे तुम्हाला कोणी फारसं सांगितलं नसावं. फाईल चांगली लिहिली म्हणून सत्कार होत नाहीत. म्हणून मी सांगते आहे.

परीक्षा झाली की बाल संरक्षण कक्षातल्या जागांसाठी अर्ज करणार आहे. संदर्भासाठी दोन नावं लागतात, त्यांतलं एक तुमचं देते. तुम्ही अनोळखी नंबर उचलत नाही हे मला माहीत आहे. यंदा कृपा करून उचला.

तुमची,
पेटीवाली