आजारी न पडलेली मुलंही मोजा

संपादकसाहेब, नमस्कार.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मागे आमच्या शाळेत गोवर पसरला तेव्हा पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता, आजारी पोरांपैकी निम्म्याहून जास्त जणांना लस दिलेली होती मग टोचून उपयोग काय. तेवढं वाचून दोन-तीन आयांनी धाकट्याचा दुसरा डोस लांबणीवर टाकला. मला फार वाईट वाटलं, कारण हा हिशोबच अर्धा आहे.

समजा शाळेत 100 मुलं आहेत, 90 जणांनी लस घेतलीये, 10 जणांनी नाही. घेतलेल्यांतले 9 आजारी पडले, न घेतलेल्यांतले 8. नुसते आजारी मोजले तर 17 पैकी 9 लसवाले, म्हणजे लस फेल! पण 90 पैकी 9 म्हणजे 10 टक्के आणि 10 पैकी 8 म्हणजे 80 टक्के. 80 वरून 10, म्हणजे धोका साडेसत्त्याऐंशी टक्क्यांनी कमी. लसीची परिणामकारकता म्हणतात ती हीच, सातवीतलं पोरगं करेल असं गणित आहे.

पण त्यासाठी बऱ्या मुलांचीही नोंद लागते, आणि आमच्याकडे यादी झाली ती फक्त आजाऱ्यांची. मग मी माझ्या वर्गापुरती सगळ्यांची लसीकरण कार्डं मागवली. एकाचं घडीवर फाटलेलं, एकाच्या तारखेवरच पाणी सांडून शाई पसरलेली, आणि बरेच जण "घेतली असेल की बाई" एवढंच. असेल-नसेलवर कसा हिशोब करायचा? साथ सुरू झाल्यावर घाईने टोचलेलं मूल लगेच लसवाल्यांत धरायचं नसतं, लस लागू व्हायला दोनेक आठवडे जातात. आणि पुरळ दिसलं की गोवरच असंही नाही, रक्त तपासावं लागतं.

असल्या साथींमधूनच मोठे निर्णय झालेत. अमेरिकेत लस घेतलेल्या शाळकरी मुलांमध्येही गोवरच्या साथी येत राहिल्या, एक डोस पुरत नाही हे कळलं, आणि 1989 मध्ये तिथे दुसरा डोस सांगायला लागले. कांजण्यांचंही तसंच झालं, तिथे दुसरा डोस 2006 मध्ये. आपल्याकडे गोवरचा दुसरा डोस 2010 पासून सुरू झाला.

शिक्षण खात्याला माझी कळकळीची विनंती आहे, पहिलीच्या प्रवेशाला जन्मदाखल्यासोबत लसीचं कार्डही बघा आणि दोन्ही डोसच्या तारखा तेव्हाच रजिस्टरला उतरवून घ्या. साथ आल्यावर पोरं तापाने फणफणत असताना आयांना कपाटं उपसायला लावू नका.

— एक प्राथमिक शिक्षिका