विश्रांती स्कॅनच्या रंगीत चित्रावर निदान नको

महोदय,

मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत नाही, की ‘मेंदूचे काम दाखवणारा स्कॅन करून घेऊ का?’ असे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील कुटुंबे विचारू लागली आहेत. गाठ, पक्षाघात किंवा सूज शोधण्यासाठी डॉक्टरांनी साधा एमआरआय सांगितला असेल, तर तो जरूर करावा. प्रश्न आहे तो स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूतील घडामोडी मोजणाऱ्या फंक्शनल एमआरआयचा, म्हणजेच विश्रांती स्कॅनचा.

हे यंत्र मज्जापेशींचे काम थेट मोजत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथे ताजे रक्त धावते आणि रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण बदलते. यंत्र टिपते ते हे, तेही काही सेकंद उशिरा, आणि फरक असतो जेमतेम टक्का-दोन टक्के. काहीही न करता पडून असतानाही डाव्या-उजव्या बाजूच्या हालचाल-केंद्रांचे संकेत एकाच लयीत चढतात-उतरतात, हे संशोधक भारत बिस्वाल यांनी 1995 मध्ये दाखवले. असे एका लयीत चालणारे भाग एकमेकांशी जोडलेले मानतात. शोध मोलाचा आहे. पण ही लय फार संथ असते, एका चढउताराला दहा सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. पाच मिनिटांच्या स्कॅनमध्ये असे फार तर तीस फेरे हाती येतात.

त्यात डोके हलते. चित्रागणिक अर्धा मिलिमीटर हलले तरी जवळच्या भागांतील संबंध खोटेच वाढतात आणि दूरच्या भागांतील घटतात, हे 2012 मध्ये एकाहून अधिक संशोधक गटांनी दाखवून दिले. मुले आणि वृद्ध जास्त हलतात, म्हणजे ज्यांच्याविषयी शंका असते त्यांचाच स्कॅन सर्वाधिक बिघडतो. हललेली चित्रे काढून टाकावी, तर उरतात थोडी.

हृदयाचे ठोकेही फसवतात. दर दोन सेकंदांनी एक चित्र घेतले आणि नाडी मिनिटाला 63 असली, तर दोन चित्रांच्या मध्ये 2.1 ठोके पडतात. हा उरलेला 0.1 साठत जातो आणि 20 सेकंदांची संथ लाट तयार होते, हुबेहूब मेंदूच्या लयीसारखी. म्हणून नाडी आणि श्वास यांची नोंद सोबत हवी, नाहीतर ही लाट ओळखून वजा करणे अवघड होते.

झोपेचे तर विचारूच नका. हजाराहून अधिक जणांच्या स्कॅनची 2014 मध्ये तपासणी झाली, तेव्हा तीन मिनिटांतच सुमारे एकतृतीयांश लोकांची जाग सुटलेली आढळली. डोळे उघडे की मिटलेले, यानेही निकाल बदलतो. इथे आपल्या सीमाभागाची वेगळी अडचण येते. ‘डोळे उघडे ठेवा, समोरच्या खुणेकडे पाहा, झोपू नका’ ही सूचना कन्नड किंवा इंग्रजीत मिळाली आणि खानापूरकडच्या मराठी आजींना ती कळली नाही, तर तपासणी सुरू होण्याआधीच वाया गेली. ही तीन वाक्ये मराठीत छापून लावायला खर्च किती येतो?

मेंदूतील दोन भागांमधल्या एकेका जोडणीच्या मोजमापाची विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर कितपत येते, ती 0 ते 1 या पट्टीवर सरासरी 0.29 भरते, असे 2019 च्या एका एकत्रित आढाव्यात दिसले. 0.4 च्या खालचा आकडा कमकुवत समजतात. एकाच माणसाचा नकाशा नीट काढता येत नाही असे नाही, पण 2017 मध्ये तो काढून दाखवताना दहा जणांची प्रत्येकी पाच तास नोंद घ्यावी लागली. हजारो लोकांच्या सरासरीत दिसणारा बारीक फरक एका मुलाच्या अहवालात शोधणे चूक आहे.

तरीही कोणी असा अहवाल हातात दिला, तर विचारा: स्कॅन किती मिनिटांचा होता? किती चित्रे हालचालीमुळे गाळली? रुग्ण जागा होता हे कोणी पाहिले? दुसऱ्या दिवशी पुन्हा केला तर हेच चित्र येईल का? उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या अहवालावर गोळ्या सुरू करू नका. मुलाला घेऊन आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आपल्याला फार दूर नाही.

— एक एमआरआय तंत्रज्ञ, बेळगाव