जत्रा हलवू नका, पायऱ्या तेवढ्या मोकळ्या करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर वांद्र्यातल्या एका भाऊंचं पत्र आलं होतं, की तिथल्या टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चची जत्रा रस्त्यावरून उचला आणि कुठल्यातरी मैदानात न्या, आठवडाभर गाडी बाहेर काढता येत नाही. गाडीचं खरंय, नाही म्हणत नाही. पण मैदानात नेऊन करणार काय? माउली तर टेकडीवरच आहे ना, ती थोडीच मैदानात येणार!

मी वसईची, आमच्याकडे सप्टेंबर लागला की मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीला, कधी जायचं हीच चर्चा. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना म्हणजे रोजची खास प्रार्थना, आणि ८ नंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. लोकलने वांद्रे, मग बसची रांग, मग गर्दी नेईल तसं वर. खाली पिपाण्या, मुखवटे, भाजलेल्या चण्यांचा वास, कडियो-बोडियो ह्या गोड खाऊच्या पिशव्या, पोरं हट्ट करतायत, आणि त्याच गर्दीत कोणी रोझरीची जपमाळ म्हणत चाललेलं असतं. ह्यातलं भक्तीचं कुठलं आणि मौजेचं कुठलं हे वेगळं काढता येत नाही, आणि काढायचं तरी कशाला?

मेणबत्त्यांच्या टेबलापाशी मात्र मी दरवेळी रेंगाळते. नवसासाठी माउलीला वाहायचे मेणाचे हात, पाय, घर, बाळ, विमान पण, ज्याला परदेशी जायचंय त्याच्यासाठी. विकणारी बाई तोंडाकडे बघूनच विचारते, "घर पाहिजे की बाळ?" माझ्या पुढच्या जोडप्याने एकमेकांकडे बघितलं आणि दोन्ही घेतलं. बायकोच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि ह्यात नवल काही नाही, तिथे ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ येतात. आमच्या आईने गुडघ्यासाठी मेणाचा पाय घेतला.

आता मुद्द्याचं. आई तो मेणाचा पाय डोक्यावर धरून पायऱ्या चढत होती, गर्दीत मोडू नये म्हणून, आणि दुसऱ्या हाताने कठडा शोधत होती. कठडा होता पण त्याला मुखवटे आणि फुगे लटकवलेले, खाली फळी टाकून स्टॉल मांडलेला. धरायला गेली तर स्टॉलवाला ओरडला, "मावशी माल पडेल!" म्हणजे ज्या गुडघ्यासाठी नवस बोलायला आली तोच गुडघा सांभाळत बिचारी मधल्या लोंढ्यातून चढली. तिच्या मागे अजून कितीतरी म्हाताऱ्या, एक जण तर वॉकर घेऊन. स्टॉलवाल्यांवर माझा राग नाही, वर्षाची कमाई त्या आठवड्यात होते त्यांची, पण परवाना देताना कठड्याची बाजू सोडून जागा आखायला काय हरकत आहे? स्टॉल एका बाजूला, चढणारे कठड्याला धरून, उतरणारे दुसऱ्या वाटेने. एवढंच मागणं आहे.

आणि मैदानवाल्या भाऊंना आठवण करून द्यावीशी वाटते की ही टेकडी एकट्या आम्हा ख्रिस्ती लोकांनी उभी केलेली नाही. उत्तरेकडच्या जुन्या पायऱ्या बोमनजी ह्या पारशी माणसाच्या नावाने ओळखल्या जातात, आत्ता दिसतं ते चर्च १९०४ च्या सुमाराचं, त्याचे आर्किटेक्ट शापूरजी चांदाभॉय, तेही पारशीच. मूर्ती समुद्रात सापडेल असं स्वप्न एका कोळ्याला पडलं होतं ही गोष्ट आमची आजी सांगायची, आणि कोळी बायका आजही नटूनथटून येतात, दागिने घालून, बघत राहावं. इतक्या जणांचं जिथे काहीतरी आहे ती जत्रा पत्रे ठोकून मैदानात कोंडली तर उरेल तो सेल, बाकी काही नाही.

वाहतुकीवर उपाय आहेतच. ज्याला फक्त माउलीला भेटायचंय त्याने जत्रेचा रविवार टाळून नोव्हेनात मधल्या वारी सकाळी जावं, मराठी मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासनाही असते, आईला आता मी तेव्हाच नेणार आहे. पण नवस फेडायला लोक त्या रविवारीच येणार, त्यांना येऊ नका म्हणता येणार नाही.

तुम्हाला पण एक विनंती साहेब. दरवर्षी तुम्ही तो मेणाच्या हातापायांचा फोटो छापता, छान येतो, कात्रण ठेवते मी. येत्या सप्टेंबरला फोटोग्राफरला जरा पायऱ्यांकडे पाठवा, कठड्यावर काय काय टांगलंय ते छापा, ज्यांनी परवाने द्यायचे ते आपोआप हलतील.

आपली,
एक वाचक, वसई