दुसऱ्या पदवीविषयी

पुणे,
12 जुलै 2025

प्रिय अभिजित,
सप्रेम नमस्कार.

मेकॅनिकलची बीई झाल्यावर लगेच नोकरी शोधावी की कॉम्प्युटरची आणखी एक पदवी घ्यावी, असे तू विचारले आहेस. दोन पदव्या म्हणजे दुप्पट संधी हा तुझ्या काकांचा हिशेब मला पटत नाही. जागा भरणारा माणूस उमेदवाराच्या पदव्या मोजत बसत नाही. समोरचे काम त्याला येईल का, एवढेच तो पाहतो. त्यामुळे दोन्ही विद्या एकाच कामात लागत असतील, तिथेच दुसऱ्या पदवीला भाव येतो.

अशी कामे पुण्याच्या वाहन उद्योगात बरीच आहेत. ब्रेकचे किंवा बॅटरीच्या तापमानाचे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर लिहिताना, ब्रेक दाबल्यावर भार पुढच्या चाकांवर का सरकतो, हे निव्वळ कोडिंग शिकलेल्याला समजावून सांगावे लागते, तर मेकॅनिकलचा मुलगा सी या प्रोग्रामिंग भाषेतल्या पॉइंटरपाशी (मेमरीतला पत्ता धरून ठेवणाऱ्या चलापाशी) अडतो. दोन्ही जाणणारा मुलगा मुलाखतीला आला, तर आम्ही त्याला सिम्युलिंकमध्ये, म्हणजे यंत्रणांची गणिती प्रतिकृती बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक छोटे मॉडेल करायला देतो. ते जमले की दुसरे प्रमाणपत्र कुठले, हे सहसा कोणी विचारत नाही. (ते न जमलेले द्विपदवीधरही मी पाहिले आहेत.)

सरकारी कंपन्यांचे गणित निराळे आहे. एनटीपीसीसारखी सरकारी वीज कंपनी गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेतल्या गुणांवर अभियंते घेते, पण मेकॅनिकलच्या जागेवर दुसऱ्या पदवीचे जादा गुण मिळत नाहीत. फार तर कॉम्प्युटरच्या जागांसाठीही अर्ज करता येतो. तिथेही जाहिरातीत बीई किंवा बीटेक असे स्पष्ट लिहिले असेल, तर बीएस (बॅचलर ऑफ सायन्स) चालेल असे गृहीत धरू नकोस.

खरा प्रश्न वर्षांचा आहे. पुन्हा पूर्णवेळ बीई केलीस, तर त्या तीन-चार वर्षांत तुझ्या बॅचची मुले अनुभवी होतील आणि तू पुन्हा फ्रेशर म्हणून रांगेत उभा राहशील. शिवाय मुलाखतीत, मेकॅनिकल का सोडले, याचे उत्तर द्यावे लागेल ते वेगळेच. एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये दिली खरी, पण तुझी पहिली पदवी पूर्ण झाल्यामुळे तिचा तुला आता उपयोग नाही.

त्यापेक्षा आयआयटी मद्रासचा 2020 मध्ये सुरू झालेला डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम नोकरी करता करता घेण्याजोगा वाटतो. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा असते, त्यामुळे आपल्याला झेपेल की नाही हे फारसा पैसा न घालवता कळते. शिवाय चारही वर्षे पूर्ण करण्याची सक्ती नाही, मधल्या टप्प्यावर डिप्लोमा घेऊन थांबता येते. मात्र गाडीतल्या नियंत्रक सॉफ्टवेअरकडे वळायचे असेल, तर यातले सगळे तुझ्या कामाचे नाही, आणि एम्बेडेड सी, म्हणजे यंत्रातल्या छोट्या संगणकासाठी सी भाषेत लिहिणे, वेगळे शिकावेच लागेल.

तेव्हा अर्ज आत्तापासूनच करायला लाग. बायोडेटा मला पाठव, पण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सगळ्यांत वर घे आणि त्यात तू स्वतः काय केलेस ते नीट लिही.

तुझा,
मकरंद