खाडीची भरपाई चंद्रपुरात होत नाही, मंत्रिमहोदय

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी नवी मुंबईत खाडीकाठी राहतो. माझे वडील खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात लावायचे. बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप, कधी लावायची, कधी काढायची, हे त्यांना पाण्याच्या रंगावरून कळायचं. त्यामुळे पाणी अडलं की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

आमच्या वस्तीमागच्या पाणथळीत भरतीचं पाणी आणणारा पाइप भरावाखाली दबलाय. पावसाळ्याआधी मोकळा करू, असं मला लेखी कळवलं होतं. पावसाळा सरून हिवाळा लागला. परवा पहाटे गेलो, तर पाण्यावर हिरवा तवंग, कडेचा चिखल तडकलेला आणि त्यात एक रोहित (फ्लेमिंगो) मान टाकून पडलेला. उचलला, तर अंगात वजनच नाही. दोन तास फोन करत होतो. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. तो माझ्या मांडीवर गेला. साहेब, त्या दिवशी मला घास गिळवला नाही. सहा अर्ज, चार हेलपाटे, वर बायकोची बोलणी, आणि हातात काय? मेलेला पक्षी.

याच ठाणे खाडीला 2015 साली आपण अभयारण्य म्हटलं, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा रामसर दर्जा घेतला. उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनं (खारफुटी) तोडण्यावर बंदी घातली. तरी मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या वर्सोवा-भाईंदर रस्त्यासाठी 45 हजारांवर कांदळवृक्ष बाधित होणार, आणि भरपाईच्या वनीकरणात जमीन थेट चंद्रपूर जिल्ह्यातली! तिथे भरती येते का? ग्रेट नॉटसारखा जगभर धोक्यात आलेला पक्षी कोकण किनाऱ्यावर उतरतो तो उघड्या चिखलासाठी. रोहितही चिखलातच चरतो. तुमच्या हिशेबात चिखलाला रकानाच नाही. उलट कांदळवन वाढवायचं म्हणून त्याच चिखलात रोपं खोचली, तर पक्ष्यांचं ताटच गेलं.

अमेरिकेतही पाणथळी बुजवतात. पण तिथल्या 2008 च्या नियमांत मिटिगेशन बँक आहे. कुणीतरी पाणथळ उभारायची, ती ठरलेल्या कसोट्यांना उतरेल तसतसे तिचे श्रेयांक (क्रेडिट) टप्प्याटप्प्याने, दुसरीकडे पाणथळ बुजवणाऱ्यांना भरपाई म्हणून विकायला मिळतात. कायमच्या देखभालीचा पैसा वेगळा ठेवावा लागतो, आणि भरपाई शक्यतो त्याच पाणलोटात. तीही व्यवस्था निर्दोष नाही. पण निदान पाणी आलं की नाही, हे कुणीतरी तपासतं. आपल्याकडे 2023 च्या हरित श्रेयांक योजनेत कांदळवनांचं नाव आहे. मग याच खाडीतली एक मेलेली पाणथळ आधी जिवंत करून दाखवा, पक्षी उतरू द्या, आणि मग तोडीच्या परवानगीवर बोला. झाड तोडायला शेवटी परवानगी मिळते, पाइप उघडायला मात्र सात खाती लागतात. हे राज्य कुणासाठी चाललंय?

अमावास्येला उधाण आहे. त्याआधी तो पाइप मोकळा करा. माणसं कधी पाठवताय ते कळवा. जागा दाखवायला मी पहाटेपासून बांधावर थांबतो.

आपला,
एक खाडीकाठचा रहिवासी